दाराची पाठ, कड आणि तळ

अगं, तू पाठवलेले घराचे फोटो नीट पाहिले. पोर्टलंडमध्ये, १९५०च्या दशकातलं भक्कम घर तुम्हाला मिळालं याचा मला मनापासून आनंद झालाय. आता तुझा प्रश्न. दोन गाड्यांच्या गॅरेजचं जुनं लाकडी दार ठेवायचं की काढायचं, आणि नवं घ्यायचं तर लाकडाचंच घ्यावं का? फोनवर पाच मिनिटांत उरकण्यासारखं हे नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्याकडे इथे सिएटलला इतकी वर्षं सीडरचं दार आहे. हवा तुझ्यासारखीच, हिवाळाभर रिपरिप आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. त्यामुळे जे सांगते ते तुझ्या उपयोगाचं आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. गॅरेजचं लाकडी दार रस्त्यावर उभं राहून निवडायचं नसतं. समोरून सगळीच दारं देखणी दिसतात. दार दहा वर्षं टिकणार की चाळीस, हे त्याची पाठ, कड आणि तळ पाहिल्यावर कळतं. शोरूममध्ये हे कुणी आपणहून दाखवत नाही. विचारावं लागतं.

मुळात हे दार आपल्या ओळखीच्या दारांसारखं नाही. पूर्वी अमेरिकेतही गाडी ठेवायच्या खोलीला बग्गीखान्यासारखी बिजागऱ्यांवर उघडणारी दोन पाखं असत. बर्फ साचला की ती उघडायची नाहीत आणि समोर मोकळी जागाही फार लागायची. १९२१ साली सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारं दार आणलं आणि १९२६ साली त्याला विजेचा ओपनर जोडला. आडव्या तुकड्यांचं, म्हणजे सेक्शनचं दार बाजूच्या लोखंडी ट्रॅकमधून रोलरवर चढतं, वळणावर एकेक सेक्शन वाकतं आणि छताखाली आडवं होऊन थांबतं. तुझं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच असणार, दोन गाड्यांना हेच माप सर्रास असतं. ७ फुटांच्या दाराला बहुधा २१-२१ इंचांचे चार सेक्शन येतात.

आता विचार कर, सुतारासाठी हे केवढं अवघड काम आहे. घरातलं दार आयुष्यभर उभं राहतं आणि त्याचं वजन बिजागऱ्या पेलतात. हे दार दिवसातून चार वेळा उभ्याचं आडवं होतं. आडवं झालं की १६ फूट लांबीचा प्रत्येक सेक्शन दोन टोकांवर टेकलेल्या तुळईसारखा लोंबतो आणि मधोमध वाकायला बघतो. म्हणून रुंद लाकडी दाराच्या पाठीला लोखंडी आधार लागतो. आडवा बसवलेला पन्हाळीसारखा स्ट्रट तरी, किंवा खालून ताणलेली सळई, जिला इथे ट्रस रॉड म्हणतात. दार उघडं ठेवून खाली उभी राहा आणि सेक्शनच्या कडेवरून नजर टाक. मध्ये पोट आलेलं दिसलं, तर आधार ढिला आहे किंवा नाहीच. सळई असेल तर नटाने ताण वाढवून पोट पुष्कळ कमी करता येतं, पण ते काम हळूहळू, थोडं थोडं करायचं.

आता एकेका सेक्शनची बांधणी बघू. तुझं जुनं दार चौकट-पॅनेल पद्धतीचं आहे, फोटोत ते स्पष्ट दिसतं. वर आणि खाली लांबच्या लांब आडव्या पट्ट्या, म्हणजे रेल. टोकांना आणि मधेमधे उभ्या पट्ट्या, त्या स्टाइल आणि मलियन. या सगळ्यांची जाडी साधारण १ ३/८ इंच. पट्ट्या एकमेकींत कशा बसवल्यात, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चांगल्या दारात कुसू आणि खाचेचा सांधा असतो, किंवा जाड लाकडी डॉवेल आणि पाण्याला दाद न देणारा गोंद. स्वस्त दारात नुसत्या पिना किंवा स्टेपल मारून भागवलेलं असतं. वर-खाली होताना सांध्यांना रोज पीळ बसतो, आणि स्टेपलचा सांधा काही वर्षांतच बोट जाईल इतका उघडतो. दुकानात सेक्शनचं कापलेलं टोक बघायला माग. ते दाखवायला जो का-कू करेल त्याच्याकडून घेऊ नकोस.

या पट्ट्यांच्या आतल्या कडांना खोबण असते आणि तिच्यात पॅनेल बसतं. बसतं म्हणजे नुसतं बसतं. त्याला गोंद नसतो आणि खिळाही नसतो. कारण तुला ठाऊक आहे. कोकणातल्या आपल्या आजोळी जुलैत मागचं दार फुगून लागायचं नाही आणि शिमग्याला त्याच दारातून उजेड दिसायचा. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीला, ओलाव्याने फुगतं आणि कोरडं पडलं की आक्रसतं. तुझ्याकडे नोव्हेंबर ते मार्च फुगणं आणि जुलै-ऑगस्टमध्ये आक्रसणं दरवर्षी होणार. पॅनेल खोबणीत मोकळं असेल तर आतल्या आत सरकतं आणि बाहेर काहीच बिघडत नाही. डांबून ठेवलं तर मधोमध उभं तडकतं, नाहीतर चौकटीचा सांधा फोडतं.

हे मोकळेपण रंगवणाऱ्याच्या हातूनच बहुतेक वेळा जातं. पॅनेल आणि पट्टी भेटतात त्या फटीत तो रंग भरभरून ओततो किंवा कॉकिंगची नळी फिरवतो. वरून काम सफाईदार दिसतं, पण पॅनेल जखडलं जातं. तुझ्या रंगाऱ्याला आधीच सांग, खोबणीच्या कडेला रंग पातळ लावायचा आणि फट भरायची नाही. नवं दार घेणार असशील आणि लाकडाचा रंग दिसू द्यायचा असेल, तर पॅनेल चौकटीत बसवण्यापूर्वीच त्याच्या कडांना स्टेन लावून घे. नाहीतर पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आक्रसलं की कडेला कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते. ती रेघ नुसती दिसायला वाईट नसते, तिथूनच पाणी शिरतं.

आता कड. एक सेक्शन दुसऱ्यावर टेकतो तिथे जोड सपाट असता कामा नये. वरच्या सेक्शनची बाहेरची कड खाली ओठासारखी उतरलेली हवी आणि खालच्या सेक्शनचा माथा आतून उंच, बाहेर उतरता हवा. म्हणजे वाऱ्याने पाऊस दारावर आपटला तरी पाणी फटीतून आत न जाता बाहेर ओघळतं. दार अर्धं वर घे, दोन सेक्शनमधली फट वळणावर उघडते, तिथे टॉर्च मारून बघ. बोट मात्र घालू नकोस, आणि मुलांना तर जवळही येऊ देऊ नकोस. सेक्शन सरळ होताना ती फट अडकित्त्यासारखी मिटते. त्या माथ्यावर कोरं, करडं पडलेलं लाकूड दिसलं तर समज की रंगाऱ्याने दार बंद ठेवूनच रंगवलं आणि कडा तशाच राहिल्या.

चौकट-पॅनेलखेरीज आणखी दोन प्रकार तुला दाखवतील. एक सपाट दार, म्हणजे फ्लश. आत लाकडी चौकट, पोकळीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागदी गाभा किंवा पॉलिस्टायरीनचा फोम, आणि दोन्ही बाजूंना प्लायवूड किंवा हार्डबोर्ड चिकटवलेला. फोमचं दार थंडी बऱ्यापैकी अडवतं, नुसतं लाकूड त्या मानाने फारच कमी अडवतं. गॅरेजवर मुलांची खोली असेल तर हे लक्षात ठेव. कागदी गाभ्याचं दार तुझ्या पावसात घेऊ नकोस. एकदा आत पाणी गेलं की ते सुकायला वाटच नसते.

दुसरा प्रकार आजकाल फार चालतो. बग्गीखान्याच्या दारासारखं दिसणारं, बाहेरून फळ्या आणि तिरके पट्टे जडवलेलं. आतल्या चौकटीवर किंवा प्लायवूडच्या पाठीवर हे सगळं वरून लावलेलं असतं. दिसायला हे सगळ्यांत सुंदर, मलाही मनापासून आवडतं. पण वरच्या प्रत्येक पट्टीच्या माथ्यावर पाणी साचायला एक कट्टा तयार होतो. तो माथा उतरता कापलाय का आणि पट्टीची पाठ बसवण्याआधी रंगवली होती का, हे दोनच प्रश्न विचार. शिवाय या बांधणीत लाकूड दुप्पट लागतं, म्हणजे वजनही वाढतं.

लाकडाचं म्हणशील तर तुझ्या अंगणातलंच लाकूड इथे सर्वोत्तम आहे. वेस्टर्न रेड सीडर ओरेगन, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या ओल्या जंगलांत वाढतो. त्याच्या गाभ्यात बुरशीला मारक द्रव्यं नैसर्गिकरीत्याच असतात, म्हणून तो सहजी कुजत नाही. फुगणं-आक्रसणंही कमी. आणि वजनाला तो हलका, कोरडा असताना घनफुटाला साधारण २३ पौंड. डग्लस फर तेवढ्याच मापात ३३-३४ पौंड भरतो. सीडरचे दोन स्वभाव मात्र ओळखून राहा. तो मऊ आहे, सायकलचं हँडल आपटलं तरी खड्डा पडतो. आणि त्याच्यातलं टॅनिन पाण्याबरोबर वर येतं. साध्या लोखंडी खिळ्याभोवती काळे ओघळ उतरतात, पांढऱ्या रंगातून तपकिरी डाग फुटतात. म्हणून खिळे-स्क्रू स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड गॅल्वनाइज्डचे घ्यायचे आणि रंग देणार असशील तर आधी डाग अडवणारा प्रायमर मारायचा.

कॅलिफोर्नियाचा रेडवुडही असाच टिकाऊ, पण फक्त त्याचा लालसर गाभा. बाहेरचा पांढुरका थर कुठल्याच झाडाचा टिकत नाही, सीडरचासुद्धा नाही. फळीला पांढरी किनार दिसली तर ती दाराच्या तळाशी जाऊ देऊ नकोस. डग्लस फर ताकदीचा, लांब आडव्या पट्ट्यांना उत्तम, पण कुजण्याला मध्यमच तोंड देतो. हेमलॉक सरळ रेषांचा, रंग छान धरणारा आणि परवडणारा, म्हणून जुन्या रंगीत दारांच्या चौकटी पुष्कळदा त्याच्याच असतात. पण ओलाव्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. त्याला रंगाचं कवच अखंड हवं. महोगनी दिसायला राजेशाही आणि टिकाऊ, पण वजनदार आणि महाग. तुझ्या गावात सीडर मिळत असताना तिकडे वळायचं काही कारण मला दिसत नाही.

लाकडाच्या नावाइतकीच महत्त्वाची आहे ते कापण्याची पद्धत. फळीच्या टोकाला बघ. वर्षांची वलयं फळीच्या रुंद बाजूला उभी छेदत असतील तर ती फळी कमी हलते, कमी पिळते आणि रंग जास्त काळ धरते. वलयं आडवी, कमानीसारखी दिसली तर ती स्वस्त फळी. ती पॅनेलला चालेल, लांब रेलला नाही. छोटे तुकडे बोटांसारखे एकमेकांत गुंतवून केलेली लांब पट्टी दाखवली तर घाबरू नकोस, रंग द्यायच्या दाराला ती सरळ राहण्याच्या दृष्टीने चांगलीच असते. पारदर्शक स्टेनखाली मात्र तिचे जोड उठून दिसतात. आणि रंगवायच्या दारात पॅनेल प्लायवूडचं असेल तर वर रेझिनच्या कागदाचा थर असलेलं, एमडीओ नावाचं प्लायवूड माग. साध्या प्लायवूडचा वरचा पापुद्रा उन्हापावसात चिरतो, एमडीओचा चिरत नाही.

आता सगळ्यांत कळकळीने सांगते ते ऐक. दाराच्या सेक्शनला सहा बाजू असतात. समोर, पाठ, वरची कड, खालची कड आणि दोन टोकं. सहाही बाजूंना सारखा रंग किंवा सीलर बसला पाहिजे, तोही दार चढवण्याआधी. कारखान्यातून येणारा प्रायमर म्हणजे रंग नव्हे, तो काही आठवड्यांचा आडोसा आहे. समोरून तीन हात आणि पाठीला काहीच नाही, असं झालं की पाठ गॅरेजमधला दमटपणा पिते आणि समोरची बाजू उन्हात सुकते. एक बाजू फुगते, दुसरी आक्रसते आणि सेक्शन धनुष्यासारखा वाकतो. मग दार घासायला लागतं आणि लोक ट्रॅकला दोष देतात. बिजागरीसाठी, कुलपासाठी, काचेसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या आतही रंग जायला हवा, कारण कापलेल्या टोकातून लाकूड सगळ्यांत जास्त पाणी ओढतं. दार पश्चिमेला तोंड करून असेल तर काळा किंवा गडद रंग टाळ. दुपारच्या उन्हात तो तापून लाकूड पिळवटतो आणि कुठे राळ असेल तर ती बाहेर काढतो.

आता वजन. १६ बाय ७ फुटांचं दार १ ३/८ इंच जाडीच्या सलग लाकडाचं आहे असं हिशेबापुरतं धर. सीडरचं ३०० पौंडांच्या आसपास जाईल आणि डग्लस फरचं ४३० पौंडांच्या घरात. पॅनेलची जाडी कमी असते म्हणून खरं दार याहून हलकं भरतं, पण काचा, लोखंड आणि वरचा साज त्यात परत भर घालतात. एवढा भार ओपनरची मोटर उचलत नसते. तो उचलतात स्प्रिंग. मोटर फक्त दाराला पुढे-मागे ढकलते. म्हणून नवं दार बसवताना जुन्या स्प्रिंग तशाच ठेवू, असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हण. स्प्रिंग दाराच्या नेमक्या वजनाला जुळवून घ्यायच्या असतात. दारावर नुसते दोन हात रंग आणि जाड काच चढवली तरी तोल बिघडतो, मग लाकूड बदलल्यावर काय होईल!

स्प्रिंग दोन तऱ्हेच्या असतात. दाराच्या वर आडव्या दांड्यावर पीळ देऊन बसवलेली टॉर्शन स्प्रिंग, जिच्या दोन टोकांच्या ड्रमवर केबल गुंडाळल्या जातात. आणि दोन्ही बाजूंच्या आडव्या ट्रॅकलगत ताणली जाणारी एक्स्टेन्शन स्प्रिंग. जड लाकडी दाराला टॉर्शनच बरी, ती भार सारखा वाटते. एक्स्टेन्शन असेल तर तिच्या पोटातून सुरक्षेची केबल ओवलेली आहे ना, ते आजच बघ. नसेल तर स्प्रिंग तुटल्यावर तिचा तुकडा गोळीसारखा सुटतो. साधारण स्प्रिंगचं आयुष्य १०,००० वेळा उघड-बंद एवढं धरतात. दिवसाला चार वेळा धरलं तर सातेक वर्षं. आणि हे माझ्या गळ्याची शपथ घालून सांगते, स्प्रिंग, ड्रम आणि सगळ्यांत खालच्या कोपऱ्यातली, केबल अडकवलेली ब्रॅकेट, या तिघांना तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. जावईबापूंचा हात सुताराचा आहे हे मला माहीत आहे, तरीही नाही. तिथे शेकडो पौंडांचा ताण दडलेला असतो. ते काम प्रशिक्षित माणसाचंच.

तुम्ही करायचं ते एवढंच. दार पूर्ण बंद असताना ओपनरची लाल दोरी ओढून मोटर सोडव. मग दोघांनी मिळून हाताने दार उचला आणि अर्ध्यावर आणून, हात जवळच ठेवून, ढील द्या. तोल बरोबर असेल तर दार तिथेच राहतं, फार तर बोटभर हलतं. धाडकन खाली येऊ लागलं किंवा आपोआप वर पळालं, तर स्प्रिंग चुकीच्या आहेत किंवा थकल्यात. त्या दिवसापासून माणूस येईपर्यंत ते दार वापरू नका. वर्षातून दोनदा ही परीक्षा घ्यायचीच. एकदा ऐन पावसात, कारण ओलं लाकूड जड होतं, आणि एकदा उन्हाळ्याच्या शेवटी.

ओपनर किती जुना आहे तेही बघ. १ जानेवारी १९९३ पासून अमेरिकेत बनलेल्या घरगुती ओपनरला, मध्ये कुणी सापडलं तर दार उलट फिरवण्याची सोय कायद्याने सक्तीची आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना जमिनीपासून ६ इंचांच्या आत इलेक्ट्रिक डोळे दिसले पाहिजेत. नसतील तर ओपनर बदल, यात काटकसर नको. असतील तर महिन्यातून एकदा दाराखाली मधोमध टू-बाय-फोर फळी आडवी ठेवून दार बंद कर. फळीला टेकताच ते परत वर गेलं पाहिजे. लाकडी दार पत्र्याच्या दारापेक्षा जड असतं, आणि घरात तुझी दोन लहान मुलं आहेत.

आता तुझ्या जुन्या दाराची तपासणी. जाड स्क्रूड्रायव्हर घे आणि जमिनीवर बस. सगळ्यांत खालच्या रेलला इंचाइंचावर टोक दाबत जा, खास करून दोन्ही कोपऱ्यांत आणि उभी पट्टी आडवीला मिळते तिथे. चांगलं लाकूड टोकाला अडवतं. कुजलेलं लाकूड भिजल्या पावासारखं दबतं, रंग मात्र वरून शाबूत दिसतो. मग पॅनेलच्या खालच्या कडेवरून हात फिरव. १९५०च्या दारांत पॅनेल पुष्कळदा हार्डबोर्डचं असतं, १९२४ साली विल्यम मेसन यांनी शोधलेलं तेच मॅसोनाइट. खोबणीत पाणी साचलं की त्याची खालची कड फुगून ओठासारखी बाहेर येते. पाठीकडून बिजागऱ्यांचे बोल्ट बघ. लाकडी दाराला ते आरपार गेलेले हवेत. नुसते स्क्रू असतील आणि भोकं सैल झाली असतील, तर प्रत्येक उघडझापीला बिजागरी हलते. शेवटी तळाची रबरी पट्टी. ती कडक होऊन तडकली असेल तर पाणी थेट लाकडाच्या तळाला लागतंय, आणि ही पट्टी बदलणं हे सगळ्यांत स्वस्त पण सगळ्यांत जास्त फळ देणारं काम आहे.

एक इशारा. घर १९७८ च्या आधीचं आहे, म्हणजे जुन्या रंगाच्या थरांत शिसं असण्याची दाट शक्यता आहे. त्या वर्षी इथे घरगुती रंगांत शिसं घालायला बंदी आली. तेव्हा पॉलिशपेपर घेऊन घासायला बसू नका. आधी रंगाची चाचणी करून घ्या. शिसं निघालं तर कंत्राटदार ईपीएचं, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण संस्थेचं, प्रमाणपत्र असलेलाच बोलवा. रंगाची धूळ गॅरेजमधून घरात येते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातोंडाला लागते.

तपासून झालं की निर्णय अवघड नाही. वरचे तीन सेक्शन ठणठणीत असतील आणि फक्त तळाचा गेला असेल, तर तेवढाच एक सेक्शन त्याच मापाचा नवा सीडरचा करून घे, बाकीचं दार ठेव. जुन्या वाढीचं, दाट वलयांचं लाकूड आता सहज मिळत नाही, आणि तुझ्या घराच्या रेषांना तेच दार शोभतं. दोनपेक्षा जास्त सेक्शनचे सांधे उघडले असतील, तर पूर्ण दार नवं घे. तेव्हा मात्र स्वतःशी खरं बोल. दरवर्षी दार धुणं, कडा तपासणं, तीन-चार वर्षांनी नवा हात देणं, एवढा वेळ तुम्हा दोघांना मिळणार आहे का? नोकरी आणि लहान मुलं सांभाळून मिळणार नसेल, तर फोम भरलेलं पत्र्याचं दार आण. त्यात कमीपणा काही नाही. दुर्लक्षित लाकडी दारापेक्षा ते शंभरपटीने बरं. पण वेळ देणार असशील तर लाकडाइतकं दुरुस्त होणारं दुसरं दार नाही. पत्र्याला पोचा पडला की सेक्शन बदलावा लागतो, लाकडाला ठिगळ लागतं, घासता येतं, पुन्हा रंगवता येतं.

घाई कशाची करायची आणि कशाची नाही, तेही लिहून देते. याच आठवड्यात तोल, इलेक्ट्रिक डोळे आणि सुरक्षेची केबल तपासा, खोट निघाली तर माणूस बोलवा. पाऊस सुरू व्हायच्या आत तळाची रबरी पट्टी बदला. हिवाळाभर फक्त बघा, पाणी कुठून शिरतं आणि कुठे थांबतं, आणि दिसेल तिथे खडूने खूण करून ठेवा. रंग आणि लाकडाचं काम जुलै-ऑगस्टसाठी राखा, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना. तोवर दोन-तीन ठिकाणचे भाव घे आणि प्रत्येकाकडून तीन गोष्टी लेखी माग. सांधे कसे केलेत, सहा बाजूंना काय लावून देणार, आणि नवी स्प्रिंग किती वजनाला जुळवलेली आहे. आलेले कागद मला पाठव, आपण दोघी मिळून वाचू, मग सही कर.